तीन सेंटिमीटरचा मंगळ

२५ जानेवारी २००४ रोजी ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी एअरबॅगांमध्ये गुरफटलेल्या अवस्थेत मंगळावर आदळली, उसळ्या मारत पुढे गेली आणि घरंगळत एका लहानशा विवरात जाऊन थांबली. पुढे ‘ईगल’ नाव मिळालेल्या या विवराचा व्यास जेमतेम २२ मीटर, खोली ३ मीटरच्या आसपास. मेरिडियानी प्लेनम नावाच्या त्या सपाट मैदानावर नेम धरूनही कुणाला गाडी नेमकी त्या खड्ड्यात टाकता आली नसती. पहिली चित्रं आली तेव्हा पॅसाडेना इथल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत जमलेल्या भूवैज्ञानिकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. समोरच विवराच्या कडेला फिकट रंगाचा, थराथरांचा खडक आपल्या मूळ जागी उघडा पडलेला होता. तोवर मंगळावर उतरलेल्या एकाही यानाला असा खडक जवळून पाहायला मिळाला नव्हता. १९७६ मधल्या दोन्ही व्हायकिंग यानांना आणि १९९७ मधल्या पाथफाइंडरला दिसले होते ते सुटे धोंडे. सुटा धोंडा कुठून आला हेच मुळात ठाऊक नसतं; जागेवरचा थर मात्र त्या जागेवर काय घडलं ते सांगू शकतो.

त्या पहिल्या चित्रांतच एक फसगत दडलेली होती. विवराच्या कडेचा तो खडक बघताना कड्यासारखा वाटत होता. प्रत्यक्षात त्याची उंची भरली सुमारे १० सेंटिमीटर. मंगळावर झाड नाही, माणूस नाही, ओळखीची एकही वस्तू नाही. त्यामुळे आकाराचा अंदाज बांधायला डोळ्यांना आधारच सापडत नाही. हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला हे बरं झालं, कारण पुढच्या दोन महिन्यांत या मंडळींना नखाएवढ्या गोष्टींवरून एका ग्रहाचा भूतकाळ ठरवायचा होता.

मेरिडियानीची निवड मात्र नशिबावर सोडलेली नव्हती. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेअर’वरच्या वर्णपटमापकानं या भागात राखाडी, स्फटिकमय हेमटाइटची खूण टिपली होती. हेमटाइट म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. लोखंडाच्या ऑक्साइडांचा बारीक लाल भुगा मंगळावर सगळीकडे आहे, त्यानंच तर ग्रह लाल दिसतो. राखाडी, जाड स्फटिकांचं हेमटाइट मात्र पृथ्वीवर बहुधा पाण्याच्या सहवासात तयार होतं. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण ज्वालामुखीच्या उष्णतेतही ते बनू शकतं. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे फिलिप ख्रिस्तेनसन यांच्या गटानं ही खूण शोधली, आणि कॉर्नेल विद्यापीठाचे स्टीव्ह स्क्वायर्स यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिकांनी गाडी तिथेच पाठवायचं ठरवलं. हेमटाइट आहे एवढं वरून कळत होतं. ते कशात आहे, कसं आहे, हे कळायला गुडघे टेकून जमिनीजवळ जावं लागणार होतं.

गुडघे टेकण्याचं काम एका छोट्या कॅमेऱ्याकडे होतं. गाडीच्या यांत्रिक हाताच्या टोकाला बसवलेला ‘मायक्रोस्कोपिक इमेजर’. फ्लॅगस्टाफ इथल्या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे केन हर्केनहॉफ त्याचे प्रमुख. भूवैज्ञानिक खिशातलं भिंग काढून दगडावर धरतो आणि त्याला जे दिसतं, साधारण तेवढंच या कॅमेऱ्याला दिसावं अशी योजना होती. एका फोटोत ३ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद एवढी जागा मावायची. फोटोतला एक ठिपका म्हणजे मिलिमीटरचा सुमारे तेहतिसावा भाग. रंग नाही, सगळं कृष्णधवल. स्वतःचा दिवा नाही, सूर्य असेल त्या कोनातून पडेल तेवढा उजेड. फोकस बदलायचीही सोय नाही. कॅमेऱ्यापासून सहा-सात सेंटिमीटरवर जे असेल तेवढंच स्पष्ट, त्याच्या तीनेक मिलिमीटर पुढचं-मागचं धूसर. त्यामुळे खडबडीत दगडाचा एक नीट फोटो हवा असेल तर हात थोडा थोडा पुढे सरकवत एकामागून एक अनेक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडून एक चित्र तयार करायचं, असा उद्योग करावा लागे. आणखी एक अडचण होती. एका बाजूनं पडलेल्या उजेडात खळगा कोणता आणि उंचवटा कोणता हे ठरवताना डोळा सहज फसतो. म्हणून हात किंचित बाजूला सरकवून दुसरा फोटो घ्यायचा आणि दोन्ही मिळून खोली पाहायची.

हे तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. मंगळाच्या फोटोंवर तावातावानं बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो फोटो कसा निघतो हे ठाऊक असतं, आणि फोटोतल्या अर्ध्या कोड्यांचं उत्तर तिथेच असतं.

३१ जानेवारीला गाडीनं चाकं जमिनीवर टेकली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विवराच्या मातीचे जवळून फोटो काढले. बारीक काळपट वाळूत गोल मणी पडलेले होते. काही तर हुबेहूब गोळे, चार-पाच मिलिमीटर व्यासाचे. काही दिवसांनी गाडी त्या थरांच्या खडकाच्या टोकाशी पोचली. त्या जागेला ‘स्टोन माउंटन’ असं भारदस्त नाव दिलं होतं. तिथल्या फोटोंत तेच मणी खडकाच्या आत रुतलेले दिसले. काही अर्धे बाहेर आलेले, काही नुसते टेकलेले, काही सुटून खाली घरंगळलेले. म्हणजे मातीतले मणी आले कुठून याचं उत्तर मिळालं. मऊ खडक वाऱ्यानं झिजत गेला, टणक मणी मागे राहिले.

अमेरिकेत मफिन नावाच्या केकमध्ये ब्लूबेरीची फळं घालतात. आपल्याकडच्या करवंदांएवढी ती असतात. खडकातले मणी पाहून वैज्ञानिकांना तो केक आठवला आणि ‘ब्लूबेरी’ हे नाव चिकटलं ते कायमचं. रंग ठळक करून छापलेल्या चित्रांत मणी निळसर दिसत असल्यानं वाचकांचाही समज पक्का झाला. खरं तर ते राखाडी आहेत. ती चित्रं नैसर्गिक रंगांची नव्हती. निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेल्या फोटोंना खडकांमधला फरक उठून दिसावा म्हणून ते रंग दिलेले होते.

आता प्रश्न होता मणी कशाचे आणि कसे झाले हा. इथे त्या मंडळींचा संयम पाहण्यासारखा आहे. तो संयम पूर्वीच्या अनुभवातून आलेला होता. १९७६ मध्ये व्हायकिंगनं कक्षेतून टिपलेल्या एका टेकडीत माणसाचा चेहरा दिसला होता, आणि ग्लोबल सर्व्हेअरनं जास्त बारकाईचे फोटो काढल्यावर उरली ती साधी झिजलेली टेकडी. त्याहून जिव्हारी लागणारं प्रकरण होतं १९९६ चं. अंटार्क्टिकातल्या अॅलन हिल्स भागात १९८४ मध्ये सापडलेली मंगळावरची एक उल्का, एएलएच ८४००१. तिच्या आत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अळ्यांसारखे लांबट आकार दिसले. नासाचे डेव्हिड मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर रासायनिक पुराव्यांसोबत हे आकारही प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असू शकतात असं मांडलं आणि जगभर गाजावाजा झाला. पुढच्या काही वर्षांत त्यातल्या एकेका पुराव्याला निर्जीव स्पष्टीकरण मिळत गेलं, आणि आज बहुतेक वैज्ञानिक तो दावा मानत नाहीत. दुधानं तोंड भाजलेले लोक २००४ मध्ये ताकही फुंकून पीत होते. केवळ आकारावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं.

म्हणून त्यांनी आधी संशयितांची यादी केली. गोल मणी निसर्गात अनेक प्रकारे होतात. ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात ओलसर कणांभोवती राख चिकटत जाऊन गोळ्या होतात, त्यांना लॅपिली म्हणतात. लाव्ह्याचे थेंब हवेत उडून गोठले तर काचेचे मणी होतात. मोठी उल्का आदळली तर वितळलेल्या खडकाचे थेंब उडतात आणि तेही गोठून खाली पडतात. चौथा प्रकार काँक्रिशनचा. खडकाच्या छिद्रांतून खनिजयुक्त पाणी झिरपतं, एखाद्या बिंदूपाशी खनिज साचायला लागतं, आणि ते सगळ्या बाजूंनी सारखं वाढत गेलं की खडकाच्या पोटातच गोळा तयार होतो. पहिल्या तीन प्रकारांत मणी आकाशातून पडतात. चौथ्यात ते जागच्या जागी वाढतात. सगळा खटला या एका फरकावर उभा होता.

तिसऱ्या संशयिताचं उदाहरण पाहायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर ज्या विवरात आहे ते उल्कापातानं झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि दख्खनच्या काळ्या बेसाल्टमध्ये खोदलं गेलेलं. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांश बेसाल्टचा असल्यानं मंगळाच्या अभ्यासकांना लोणारचं आकर्षण आहे. लोणारच्या परिसरातल्या मातीत त्या आघाताचे काचमय मणी सापडतात, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान. अशा मण्यांमध्ये गोलांबरोबर थेंबासारखे निमुळते आणि मधे आवळलेले, डंबेलसारखे आकारही आढळतात, कारण हवेत गिरक्या घेताना वितळलेला थेंब ताणला जातो. ईगल विवरातल्या मण्यांत असे ताणलेले आकार आढळत नव्हते. काही जोडगोळ्या दिसल्या, एके ठिकाणी तीन मणी एका ओळीत चिकटलेले दिसले. पण ते शेजारी शेजारी वाढता वाढता एकमेकांना भिडल्यासारखे होते.

मग खडकातली त्यांची मांडणी पाहिली गेली. आकाशातून पडलेले मणी एखाद्या विशिष्ट थरात दाटीनं सापडायला हवेत, जसा वर्षाव झाला तसे. इथे ते सगळ्या थरांत विखुरलेले होते, आणि तेही अंदाधुंद नाही, जवळपास सारखं अंतर राखून. काँक्रिशनमध्ये असं होऊ शकतं, कारण एक गोळा वाढताना भोवतालचं खनिज स्वतःकडे ओढून घेतो आणि अगदी शेजारी दुसरा उगवायला काही शिल्लक राहत नाही. वरून पडलेल्या मण्यानं खालचे पापुद्रे दाबले जायला हवेत आणि वरचे त्याच्यावरून वळसा घेऊन जायला हवेत. तसंही नव्हतं. पापुद्रे सरळ येऊन मण्याला भिडत होते. काही मण्यांच्या अंगावर तर बारीक रेघ दिसली, आणि ती रेघ बाजूच्या खडकातल्या पापुद्र्यांच्या ओळीतच होती. पापुद्रे आधी होते, मणी नंतर त्यांच्यामधून वाढला. हे ज्या फोटोत दिसलं त्यात मणी ज्वारीच्या दाण्याहून फारसा मोठा नसेल. इतक्या छोट्या रेघेवर लक्ष ठेवणाऱ्या त्या डोळ्यांचं मला अतिशय कौतुक वाटतं.

पण रेघ म्हणजे अजून आकारच. रसायनाची साक्ष हवी होती. गाडी ‘एल कॅपिटन’ नावाच्या खडकाशी गेली. तिथे न्यूयॉर्कच्या हनीबी रोबोटिक्स कंपनीनं बनवलेल्या घासण्याच्या यंत्रानं खडकाचा साडेचार सेंटिमीटर व्यासाचा गोल भाग खरवडला. वरची धूळ आणि झिजलेली साल निघून आतला ताजा खडक उघडा पडला. मणीही कापले गेले, आणि त्यांच्या आत राखेच्या गोळीत दिसतात तशी एकावर एक वलयं कॅमेऱ्याला दिसली नाहीत.

त्याच खडकावर आणखी एक कोडं होतं. सगळीकडे बारीक खाचा. सेंटिमीटरभर लांब, दोन-अडीच मिलिमीटर रुंद, कडांशी निमुळत्या, आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेल्या. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला दगडातली भोकं नवी नाहीत. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे गोठले की बेसाल्टमध्ये पोकळ्या राहतात, आणि त्यात पुढे झिओलाइटचे सुंदर स्फटिक भरतात. पण बुडबुड्यांच्या पोकळ्या गोल किंवा लांबोळक्या असतात, चपट्या पात्यासारख्या नसतात. एल कॅपिटनवरच्या खाचा चपट्या होत्या. गाळात क्षाराचे चपटे स्फटिक वाढले आणि पुढे पाण्यात विरघळून गेले तर मागे अशीच रिकामी घरं उरतात.

त्या रिकाम्या घरांना रसायनानं दुजोरा दिला. माइन्झ इथल्या गटांनी बनवलेली दोन उपकरणं हातावर होती. एक्स-किरणांच्या वर्णपटमापकाला खडकात गंधक प्रचंड प्रमाणात आढळलं. हिशेब करता खडकाचा मोठा हिस्सा सल्फेट क्षारांचा निघाला. गोस्टार क्लिंगेलहोफर यांच्या म्यॉसबाउअर वर्णपटमापकानं लोखंडाच्या खनिजांमध्ये जॅरोसाइट ओळखलं. जॅरोसाइट हे लोखंडाचं सल्फेट, आम्लयुक्त पाण्यात तयार होणारं, आणि त्याच्या स्फटिकरचनेतच पाण्याचा अंश बांधलेला असतो. कोरड्या उष्णतेतून ते येत नाही. २ मार्च २००४ रोजी नासानं जाहीर केलं की हा खडक एके काळी पाण्यानं भिजलेला होता. चार निरनिराळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवू लागले तेव्हाच हे विधान केलं गेलं: मणी, खाचा, गंधक आणि जॅरोसाइट.

मण्यांतच हेमटाइट आहे हे मात्र अजून सिद्ध व्हायचं होतं. संशय बळकट होता. गाडी उतरताना एअरबॅगा जिथे जिथे आदळल्या तिथे मातीवर ठसे उमटले होते, आणि दुरून खनिजं ओळखणाऱ्या उपकरणाला त्या ठशांत हेमटाइट जवळजवळ दिसत नव्हतं. भोवतालच्या मातीत मात्र भरपूर. ठशांचे जवळून फोटो काढले तर मणी मातीत दाबले गेलेले आढळले. मणी दिसेनासे झाले तसं हेमटाइटही दिसेनासं झालं. पण कोर्टात टिकेल असा हा पुरावा नव्हता. अडचण अशी की म्यॉसबाउअर उपकरण दीडेक सेंटिमीटर जागेतलं सगळं एकत्र मोजतं. एक मणी त्यापुढे फार लहान. मोजावं तर मण्यापेक्षा भोवतालचा खडकच जास्त मोजला जाई.

उपाय सापडला तो खडकातल्या एका खळग्यात. तिथे वाऱ्यानं मणी गोळा करून ठेवले होते. त्याला नाव मिळालं ‘बेरी बोल’. गाडीनं आधी मण्यांनी भरलेल्या खळग्यावर उपकरण टेकवलं, मग त्याच दगडाच्या मोकळ्या भागावर. दोन्ही आकडे शेजारी ठेवले. जिथे मणी होते तिथे हेमटाइट खच्चून होतं, जिथे नव्हते तिथे नगण्य. १८ मार्चला हे जाहीर झालं. कक्षेतून काही वर्षांपूर्वी जी खूण दिसली होती ती मैदानभर पसरलेल्या कोट्यवधी मण्यांची होती. या सगळ्या कहाणीत मला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. नवीन उपकरण नाही, नवीन सिद्धांत नाही. एकाच दगडावर, दोन जागी, तेच मोजमाप.

पाच दिवसांनी, २३ मार्चला, तिसरी घोषणा झाली. ‘लास्ट चान्स’ नावाच्या खडकावर हाताची शेकडो वेळा हालचाल करून शंभराहून अधिक सूक्ष्मचित्रं घेतली होती. ती जोडून पाहिल्यावर पापुद्र्यांमध्ये छोटे, वर वळलेले, एकमेकांना छेदणारे कंस दिसले. तेव्हा एमआयटीत असलेले गाळाच्या खडकांचे अभ्यासक जॉन ग्रॉट्झिंगर यांच्या मते असे कंस वाहत्या पाण्याखाली वाळूवर उमटणाऱ्या तरंगांतून तयार होतात, आणि पाणी निदान पाच सेंटिमीटर खोल असावं. त्या वेळी स्क्वायर्स यांनी खाऱ्या समुद्राच्या किनाऱ्याची भाषा केली. ती भाषा पुढे त्यांच्याच गटानं आवरती घेतली. गाडी जवळच्या ‘एंड्युरन्स’ या मोठ्या विवरात सहा महिने राहिली, तिथे सात-आठ मीटर जाडीचे थर पाहायला मिळाले, आणि चित्र बदललं. बरेचसे थर वाऱ्यानं रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचे निघाले. भूजल वर येई, टेकड्यांमधल्या सखल जागी आम्लयुक्त खारं पाणी साचे, आटे, पुन्हा येई. समुद्राऐवजी अधूनमधून ओली होणारी खारट वाळवंटी भूमी. बातमी म्हणून हे कमी नाट्यमय आहे, पण पुराव्याला धरून आहे. स्वतःचं गाजलेलं विधान वर्षभरात दुरुस्त करणं ही माझ्या लेखी त्या मोहिमेची मोठी कमाई.

विरोधकही गप्प बसले नव्हते. डिसेंबर २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. कोलोरॅडो विद्यापीठाचे टॉमस मॅककॉलम आणि ब्रायन हायनेक यांनी ज्वालामुखीच्या राखेवर गंधकयुक्त वाफेचा परिणाम होऊनही हे रसायन बनू शकतं असं मांडलं. पॉल नॉथ, डोनाल्ड बर्ट आणि केनेथ वोलेट्झ यांनी उल्कापातातून उसळलेल्या गाळाच्या लोंढ्याची कल्पना पुढे केली. मणी म्हणजे त्या ढगातल्या गोळ्या. दोन्ही गट जाणत्या लोकांचे होते. स्क्वायर्स यांच्या गटानं उत्तर दिलं ते पुन्हा मण्यांच्या मांडणीवर आणि आकारमानावर बोट ठेवून. आघाताच्या ढगातले मणी लहान-मोठे असतात, तुटके असतात, थरांत गोळा झालेले असतात. इथे मैलोन्‌मैल प्रवास करूनही मणी एका मर्यादेपलीकडे मोठे होत नव्हते आणि थर निवडतही नव्हते. आज बहुसंख्य अभ्यासक काँक्रिशनच्या बाजूचे आहेत.

पृथ्वीवरचा साक्षीदार आधीच मिळाला होता. यूटा राज्यातल्या नवाहो वालुकाश्मात लोहयुक्त गोटे सापडतात, वाटाण्याएवढ्यांपासून लिंबाएवढ्यांपर्यंत, आणि खडक झिजला की तेही मैदानावर विखरून राहतात. यूटा विद्यापीठाच्या मार्जोरी चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये हे साधर्म्य दाखवून दिलं. फरकही आहेत. यूटाच्या गोट्यांच्या पोटात वाळूचे कण बंदिस्त असतात आणि लोखंड बहुधा सालीत असतं. मंगळाचे मणी हेमटाइटनं जास्त भरलेले आणि आकारानं जास्त सारखे आहेत. पण प्रक्रिया तीच: झिरपणारं पाणी, आणि खडकाच्या पोटात सावकाश वाढणारा गोळा.

एवढं शिकूनही मंगळानं गाडीला पुन्हा चकवलं. सप्टेंबर २०१२ मध्ये, एंडेव्हर या विशाल विवराच्या कडेवर, ‘कर्कवुड’ नावाच्या उघड्या खडकावर गोल मण्यांची दाटी दिसली. तीन मिलिमीटरपर्यंतचे, एकमेकांना खेटून बसलेले. कुणीही पुन्हा ब्लूबेरीच म्हणालं असतं. उपकरण टेकवलं तर लोखंडाचं प्रमाण फारसं नव्हतंच. बाहेरचं कवच कडक आणि आतला भाग मऊ, झिजून गेलेला. दिसायला सख्खी भावंडं, रसायनानं परकी. आकारावर विसंबायचं नाही हा नियम आठ वर्षांनीही तितकाच लागू पडला.

जानेवारी २०१४ मधलं प्रकरण वृत्तपत्रांतून आपल्याकडेही गाजलं. गाडी एकाच जागी उभी असताना, जिथे डिसेंबरअखेरच्या फोटोत काही नव्हतं तिथे बारा मंगळदिवसांनी एक दगड दिसू लागला. चारेक सेंटिमीटरचा, कडेनं पांढरा, मधे गर्द लाल, जॅम भरलेल्या डोनटसारखा. ‘पिनॅकल आयलंड’ असं त्याचं नाव ठेवलं गेलं. बुरशी उगवली इथपासून कुणीतरी फेकला इथपर्यंत तर्क झाले, नासावर दावाही गुदरला गेला. वैज्ञानिकांनी त्याचं रसायन तपासलं. मँगेनीज आणि गंधक भरपूर निघालं. मग गाडी थोडी हलवली आणि मागे पाहिलं. चढावर चाकाखाली एक दगड फुटलेला होता, आणि हा त्याचाच उडालेला तुकडा. एरवी जमिनीकडे असणारी, कधी हवा न लागलेली बाजू वर आली होती म्हणून रंग वेगळा. फेब्रुवारीच्या मध्यावर हे जाहीर झालं, पण बुरशीच्या बातमीइतकं ते वाचलं गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. उत्तर प्रश्नापेक्षा सुंदर होतं. चाकानं योगायोगानं जी बाजू उघडी केली तिच्यातल्या मँगेनीजमधून तिथल्या पाण्याबद्दल नवी माहिती हाती लागली.

ब्लूबेरींनाही मशरूम म्हणणारे आहेत. काही फोटोंत मणी बारीक दांड्यांवर उभे दिसतात, त्याला देठ समजलं जातं. देठ वगैरे काही नाही. वारा खडक झिजवत असताना मण्याच्या आडोशाला असलेला खडक वाचतो आणि त्याची शेपटी मागे राहते. अशा शेपट्या एका भागात एकाच दिशेला वळलेल्या सापडतात, आणि ती दिशा वाऱ्याची असते.

ऑपॉर्च्युनिटीची रचना ९० मंगळदिवसांसाठी होती. ती २०१८ च्या जूनमधल्या धुळीच्या वादळापर्यंत चालली आणि ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून थांबली. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचं जाहीर झालं. तोवर तिची आकारानं मोठी वारसदार क्युरिऑसिटी गेल क्रेटरमध्ये काम करत होती, आणि तिच्या हातावरच्या कॅमेऱ्याला रंग होते, फोकस बदलता येत होता, स्वतःचे दिवेही होते. त्यानंतरच्या पर्सिव्हरन्सनं जुलै २०२४ मध्ये जेझेरो विवराशी जोडलेल्या प्राचीन नदीपात्रात, नेरेत्वा व्हॅलिसमध्ये, ‘चेयावा फॉल्स’ या दगडावर पुन्हा मिलिमीटरच्या मापाचं कोडं शोधलं. फिकट ठिपके, भोवती गडद कडा. बिबट्याच्या कातडीवर असतात तसे. त्या कडांत लोह आणि फॉस्फेट सापडलं, खडकात सेंद्रिय कार्बनही सापडला. सप्टेंबर २०२५ मध्ये जोएल हुरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये या ठिपक्यांत व्हिव्हियनाइट आणि ग्रेगाइट ही खनिजं असल्याचं मांडलं. पृथ्वीवरच्या गाळात ही खनिजं अनेकदा सूक्ष्मजीवांच्या कामातून तयार होतात, पण जीवाशिवायही होऊ शकतात. लेखकांनी ‘संभाव्य जैवखूण’ एवढाच शब्द वापरला.

तो शब्द त्यांनी तोलून वापरला आहे आणि आपणही तेवढाच वापरावा. ईगल विवरात मण्याचं पाण्याशी नातं ठरवायला रेघ, खाच, गंधक, जॅरोसाइट आणि बेरी बोलचं दुहेरी मोजमाप एवढं सगळं लागलं होतं. ठिपक्याचं जीवाशी नातं ठरवायला याहून कितीतरी जास्त लागेल, आणि ते गाडीच्या हातावरच्या उपकरणांच्या आवाक्यात नाही. चेयावा फॉल्समधून खोदून काढलेला दगडाचा नमुना ‘सफायर कॅन्यन’ या नावानं एका नळीत बंद आहे. तो अजून मंगळावरच आहे. तो पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आणण्यासाठी जे देश आणि संस्था पैसा व बुद्धी लावू शकतात त्यांनी ती लावावी, आणि भारतानं त्या कामात वाटा मागावा, असं मला मनापासून वाटतं.